ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभी आहे. इतका सोपा की तुम्ही म्हणाल, बाई, ह्यासाठी पेटी-तबला कशाला मांडलात, हे तर आमची सहावीतली नात सांगेल!

प्रश्न असा — एखादी वस्तू स्वच्छ करायची, म्हणजे तिच्यावरचं नेमकं काय काढायचं?

बघा, पुढच्या रांगेतल्या माउल्या हसल्या! बरोबर आहे. सणाच्या आदल्या दिवशी चिंच भिजत घालणाऱ्या तुम्ही. ताम्हन, पळी, पंचपात्र — चिंच-मीठ लावलं, दोनदा अंगठा फिरवला, की तांबं असं झळकतं की त्यात कुंकू लावून घ्यावं! तुम्हांला विचारलं तर म्हणाल, काळं काढायचं, लाल ठेवायचं. झालं!

झालं? सगळंच काळं काढायचं? आणि काळं कुठं संपतं अन् वस्तू कुठं सुरू होते, हे कुणी ठरवायचं? भांड्यांचं सोडा — घरातल्या माणसांचं कोण ठरवतं? आपलं स्वतःचं?

बघा, हसू थांबलं. आता ऐका.

पुण्यात तांबट आळी आहे, माहीत असेल तुम्हांला. एकेकाळी तिथं शिरलात तर बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. हातोड्या! घराघरांतून ठण-ठण, ठण-ठण. बंब, घंगाळी, हंडे! तिथले एक कारागीर, धोंडीराम निजामपूरकर. तांब्याला असा हात की त्यांनी मठारलेल्या घंगाळ्यावर हातोडीचा एक ठोका दुसऱ्याच्या अंगावर जात नसे. माशाच्या खवल्यांसारखे ओळीनं! आता वय चौऱ्याहत्तर. बायको गेलेली. एकुलती एक मुलगी कुमुद, ती त्यांना आपल्या घरी घेऊन आली.

आणि ह्या मुलीचा व्यवसाय काय? ऐका हं, गंमत आहे. बापानं उभा जन्म तांबं चमकवण्यात घालवला, आणि मुलगी लोकांकडून पैसे घेते — तांबं चमकवायचं नाही म्हणून!

तुम्हांला वाटेल, बाई थट्टा करतायत. नाही हो. जुनी नाणी जमवणारे लोक असतात. त्यांची तांब्याची नाणी दोनशे-तीनशे वर्षं जमिनीत, गाडग्यात, उंबऱ्याखाली पडलेली. ती ग्रेडिंगला पाठवतात. म्हणजे काय, तर जाणकार माणसं भिंगाखाली नाणं बघतात, त्याला आकडा देतात, सत्तरपैकी इतके. आणि काचेसारख्या डबीत कायमचं बंद करतात. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखंच! पण कुणी उत्साहानं नाणं घासून पाठवलं, तर आकडा मिळतच नाही. नुसता शेरा येतो — ‘साफ केलेलं.’ संपलं!

कारण? तांब्यावर काळानं जी तपकिरी चढते ना, ती घाण नव्हे. दुधावर साय धरते तशी ती नाण्यावर धरलेली असते. तीच त्याला राखते. ती खरवडली की नाणं नागडं! पण — इथं खरी मेख आहे — सगळंच राखायचं नसतं. हिरवा रंग दोन जातींचा. एक घट्ट, गुळगुळीत, जणू मीनाकाम. तो असू द्यायचा. दुसरा फिका, भुकटीसारखा, बोटाला लागणारा. तो रोग! ठेवला तर नाणं आतून खातो. दोघं शेजारी-शेजारी बसलेले असतात. एक काढायचा, दुसऱ्याला धक्का लावायचा नाही. कुमुदचं काम ते. शुद्ध पाण्यात नाणं दिवस-दिवस भिजत ठेवायचं, पाणी बदलायचं, आणि मग बाभळीच्या काट्यानं, हो, साध्या बाभळीच्या काट्यानं, भिंगाखाली एकेक कण उचलायचा. लोखंडाची सुई चालत नाही, ओरखडा जातो.

आणि हे काम करायचं कधी? घरात दीड वर्षाची ओवी! ती दुपारी एकला झोपते, तीनला उठते. उठते म्हणजे, उठेल तेव्हा उठते. नवरा दिवसभर कामावर. तेव्हा कुमुदचं सगळं शास्त्र त्या दोन तासांत. एक डोळा भिंगाला, एक कान पाळण्याला. पाळणा जुनाच, शिसवी, कुमुदच्याच बारशाचा. पोर कुशीवर वळली तरी हिचा काटा हवेत थांबायचा. समोर बसलेल्या आयांना सांगायला नको. तुम्ही पण अशाच तासांत जगलेल्या आहात.

आप्पा, म्हणजे धोंडीराम, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. तोंड गप्प राहील तर तांबट कसले!

“कुमे, दहा दिवस झाले. एक नाणं. आमच्या आळीत दहा दिवसांत लग्नाची भांडी निघायची.”

“आप्पा, हळू. उठेल ती.”

“आणि वीस दिवसांनी दिसणार कसं? होतं तसंच! गिऱ्हाईक विचारत नाही, बाई, केलंत काय?”

“विचारतात ना. म्हणून तर कार्ड देते.”

हे कार्ड लक्षात ठेवा, मंडळी. पुढं त्याच्यावरच सगळं येणार आहे. प्रत्येक नाण्याबरोबर कुमुद आपल्या हातानं लिहिलेलं एक कार्ड द्यायची. त्यात दोन रकाने. ‘काय काढलं’ आणि ‘काय ठेवलं’. खाली सही. नाणी जमवणाऱ्या लोकांत त्या कार्डाला मान होता. कुमुद निजामपूरकरांचं कार्ड आहे ना? मग डोळे मिटून घ्या! नऊ वर्षं खपून तिनं एवढं एकच कमावलं होतं, की तिनं लिहिलेलं खरं असतं.

तर वीस दिवस जे नाणं टेबलावर होतं ते साताऱ्याच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. भालचंद्र रसाळ. सत्तरी ओलांडलेली, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, एकटा जीव. नाणं कुठलं? शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अशी नाणी बऱ्याच जणांकडे असतात. पण अक्षर न् अक्षर शाबूत, कडेचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत, असं नाणं विरळा! तीस वर्षं रसाळांनी ते कापसात जपलं होतं. पुढच्या महिन्यात साताऱ्याला नाण्यांचं प्रदर्शन; मधल्या काचेत हेच ठेवायचं, तेही ग्रेडिंग होऊन आलेलं. सगळ्यांना सांगून झालं होतं.

“बाई, निर्दोष आहे ते,” नाणं देताना ते म्हणाले होते. “तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की मूळचं आहे.”

कुमुदनं नाणं कडेनं धरलं, उजेडात फिरवलं, आणि खरं सांगते, तिचा जीवच जडला त्याच्यावर!

आणि जीव जडला की काय होतं, माहीत आहे ना? डोळे दिसायचे बंद होतात.

बाराव्या दिवशी, ‘श्री’च्या डोक्यावर, वेलांटीच्या कडेची माती सुटली. भिंगाखाली तिथं एक रेघ दिसली. केसाएवढी. गोलसर. आणि त्या रेघेच्या आतली तपकिरी जरा जास्तच छान! एकसारखी. काळ इतका नीटनेटका नसतो हो, तो कुठं जाड हात मारतो, कुठं विसरतो. कुमुदला हे कळत नव्हतं? दुसऱ्या कुणाचं नाणं असतं तर एका क्षणात बोलली असती. पण ती स्वतःशी म्हणाली, ओरखडा असेल. जुना असेल. आणि काय केलं? नाणं उलटलं, आणि ‘छत्रपति’ची बाजू साफ करायला घेतली!

हसता काय? कधी नाणं उलटलं नाहीत तुम्ही? मुलाच्या तोंडाला कसला वास येतो ते कळतं, आणि आपण म्हणतो, बडीशेप असेल. नाणं उलटलं! नवरा आरशात बघून उगाच शीळ घालतो — पेटीवाले काका, तुम्ही खाली बघू नका, तुमचं नाव घेतलं नाही मी! — आणि आपण म्हणतो, खुशीत असेल. उलटलं नाणं! चांगलं दिसतंय ना, तेवढंच बघू. बोला — जय जय राम कृष्ण हरि!

तर विसावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोस्टमास्तर यायचे. आणि नेमकं त्या दिवशी ओवीला लस टोचायची होती. कुमुद तिला घेऊन दवाखान्यात गेली. पोर रडरड रडली. परत येईपर्यंत दीड वाजला. आईच्या खांद्यावर मान टाकून पोर नुकती कुठं झोपली, अंग कोमट, अजून मधूनच हुंदका येतोय. कुमुदनं पायानंच दार लोटलं.

आणि बघते तर काय!

आप्पा तिच्या टेबलाशी. तिच्या खुर्चीवर. तिचं भिंग पुढ्यात. आणि भिंगाच्या शेजारी वाटी. वाटीत काय?

माउल्यांनो, तुम्ही सांगा. काय?

चिंच! भिजवलेली चिंच, आणि वर मिठाचे खडे!

कुमुदनं ओरडायला तोंड उघडलं — आणि खांद्यावर लेकरू! ओरडायची सोय नाही. मंडळी, भांडणं खूप ऐकली असतील तुम्ही. पण बापलेकीचं हे भांडण सगळं कुजबुजत झालं.

“आप्पा! काय केलंत?”

“हळू. उठेल ती.”

“मला सांगताय? नऊ वर्षं तुम्हांला एकच सांगतेय, टेबलाला हात लावायचा नाही! दुसऱ्याचं नाणं आहे ते! तुम्हांला काय वाटलं, देवाचं ताम्हन आहे?”

“कुमे, आधी बघ.”

“काय बघू? लाल झालेलं बघू? आयुष्यभर घासण्यापलीकडं काही सुचलंच नाही तुम्हांला! उद्या त्या माणसाला तोंड कसं दाखवू मी?”

म्हाताऱ्यानं नुसतं भिंग तिच्याकडं सरकवलं.

ती वाकली. एका हातानं पोर सावरत, एका डोळ्यानं बघितलं.

नाणं जसंच्या तसं होतं! तपकिरी साय तशीच, हिरवं मीनाकाम तसंच. अख्खं नाणं शाबूत. फक्त ‘श्री’च्या डोक्यावर, जिथं ती केसाएवढी रेघ होती, तिच्या आतला भाग तेवढा उजळला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा गोल ठिपका, लालबुंद, कोऱ्या तांब्याचा. आणि भोवती बारीक पांढरट कडं. डाख. सांधायला तांबट लोक जो धातू ओततात ना, त्याचं कडं.

शेजारी एक आगपेटीची काडी. काडीच्या टोकाला कापूस. कापसाला चिंच.

“मूळच्या तांब्याला मी शिवलो नाही,” आप्पा म्हणाले. “फक्त माझा तुकडा घासला.”

कुमुदला आधी समजलंच नाही. “तुमचा?”

“इथं भोक होतं कुमे. ते मी बुजवलंय.”

चिंचेची वाटी बाजूला सारून आप्पा सांगायला लागले.

“तुझा जन्म झाला ते वर्ष. स्टीलची भांडी आली होती, बंब कुणी घेईना. आळीत हातोड्या थांबायला लागल्या. मग एक व्यापारी यायचा, पिशवीत नाणी घेऊन. म्हणायचा, धोंडीराम, ह्याला भोक आहे, बुजव. वरचं अक्षर पुन्हा उठव. आणि रंग दे, जुन्यासारखा. मी म्हटलं, काम आहे. कोण विकत घेतो, काय सांगून विकतो, मी विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच मला.” नाण्याकडं बोट करून म्हणाले, “अकरा नाणी केली. त्यातलं हे. ती वेलांटी बघ. माझी आहे.”

कुमुदनं बघितलं. ‘श्री’ची वेलांटी! वीस दिवस हिच्यावर तर ती भाळली होती! सुबक, डौलदार, मोराच्या मानेसारखी. आता दिसलं — बाकीची अक्षरं घाईची, जाडीभरडी. टांकसाळीत ठसे कोरणाऱ्याला एकामागून एक ठसे उरकायचे. एवढं नटवं वळण काढायला त्याला सवड कुठली? सवड होती ती एका कारागिराला, ज्याला राहवलं नाही! खोटं करतानासुद्धा चांगलंच करायचं, ही त्याची खोड. पकडलं त्याला त्याच्याच हातानं.

“तुम्हांला कधी कळलं?”

“तू माती काढलीस त्या दिवशी. तू आत गेलीस तेव्हा भिंगातून बघितलं, ओळखलं.”

“मग आठ दिवस बोलला का नाहीत?”

म्हातारा म्हणाला, “तोंडानं सांगवेना. म्हणून हातानं सांगितलं.”

मंडळी, कुमुदला राग यायला हवा होता ना? आला नाही. कारण बापानं आठ दिवस लपवलं असेल, तर आठ दिवस तिनंही बघितलं नव्हतं. रेघ दोघांनाही दिसली होती!

आणि आता ऐका, ह्या आख्यानातली खरी घडी ही आहे. आपण कथेतल्या लोकांना देवमाणसं करून टाकतो, मग घरी जाऊन म्हणतो, आपल्याला कुठं जमणार. कुमुद देवमाणूस नव्हती. ती खुर्चीत बसली. पोरीला मांडीवर घेतलं. त्या लाल ठिपक्याकडं बघितलं. उद्या अकरा वाजता माणूस येणार. नाव जाणार, स्वतःचं आणि बापाचंही. आणि ती म्हणाली — तीच, नऊ वर्षं खरी कार्डं लिहिणारी —

“आप्पा, एवढासा तर ठिपका आहे. परत रंग देता येईल का?”

आप्पांनी मान वर केली. “येईल.”

“ओळखू येईल?”

“तू वीस दिवस भिंगातून बघत होतीस. तुला आलं? दोन तासांत देतो. हात अजून तसाच आहे, कुमे.” आणि आपल्याच हातांकडं बघत ते म्हणाले, “त्याचीच तर भीती वाटते.”

कुमुदनं कार्ड पुढं ओढलं. लिहून बघू या, म्हणाली मनाशी. ‘काय काढलं’ — माती, तेल, हिरवी भुकटी. ठीक. ‘काय ठेवलं’ — तपकिरी साय, घट्ट हिरवा थर, आणि…

आणि काय? लेखणी थांबली. कारण कार्डात तिसरा रकाना नव्हता. ‘काय झाकलं’ असा रकाना तिनं कधी आखलाच नव्हता!

मांडीवर ओवी झोपेत हुंदकली. तिच्या इवल्या दंडावर सुईचा ठिपका होता, लाल, एवढासाच. कुमुद त्याच्याकडं बघत राहिली. सकाळी तिनंच पोरीला घट्ट धरून ती सुई टोचवून घेतली होती. पोर आईकडं बघून रडत होती, तरी हात सोडले नव्हते. का? पोरीचा राग होता म्हणून?

तिनं पट्टी घेतली, आणि कार्डावर तिसरी रेघ आखली.

दुसरा दिवस. अकराच्या ठोक्याला पोस्टमास्तर हजर. टपालखात्याचा माणूस! पाणी दिलं. ते पाणी तसंच ठेवून म्हणाले, “दाखवा बघू!”

कुमुदनं नाणं दाखवलं नाही. आधी कार्ड हातात दिलं. तीन रकाने. रसाळांनी चष्मा लावला, आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. “काय काढलं — माती, तेल, हिरवी भुकटी. काय ठेवलं — तपकिरी साय, घट्ट हिरवा थर. काय सापडलं —”

आवाज बारीक होत गेला.

“— ‘श्री’च्या वर बुजवलेलं भोक. वेलांटी नवी कोरलेली. बाराव्या दिवशी खूण दिसली होती, मी दुर्लक्ष केलं. भोक बुजवणारे, धोंडीराम निजामपूरकर. माझे वडील.”

कार्ड खाली ठेवलं त्यांनी. चष्मा काढला. कोपऱ्यात आप्पा उभे होते, हात जोडून.

“वा!” रसाळ म्हणाले. “बापानं बुजवायचं आणि लेकीनं उकरायचं. घरच्या घरी धंदा चांगला आहे!”

कुमुदला लागलं. पण आप्पा पुढं झाले. “मला बोला मास्तर. तिला नको. तिनं लपवलं असतं तर तुम्हांला जन्मात कळलं नसतं.”

“तेच बरं झालं असतं! तीस वर्षं लोकांना सांगत आलो, निर्दोष आहे, निर्दोष आहे! आता कुठल्या तोंडानं सांगू?” त्यांनी नाणं उचललं, कापसात गुंडाळलं, खिशात घातलं, आणि दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवली. पाठमोरे उभे राहिले.

गेले नाहीत.

माणूस रागानं उठतो, दारापर्यंत जातो, आणि उंबऱ्यावर त्याचा पाय अडतो, तेव्हा समजावं की आत काहीतरी बोलायचंय. पाठमोरेच म्हणाले, “कसं होतं भोक?”

आप्पांनी क्षणभर डोळे मिटले. “गोल. दाभणानं पाडलेलं. पण गोल राहिलं नव्हतं. वरच्या बाजूला खाच पडली होती.”

“खाच?”

“दोऱ्याची. गळ्यातला दोरा घासून घासून. मास्तर, तांबं आहे ते. सुती दोऱ्यानं तांब्याला खाच पडायला वर्षंच्या वर्षं लागतात. एका लेकराचं काम नाही. एकाच्या गळ्यातनं काढून धाकट्याच्या, मग त्याच्या लेकराच्या. ती खाच मला कानशीनं घासून टाकायची होती, डाख चांगला बसावा म्हणून.” आप्पांनी पाळण्याकडं बोट केलं. “नाही घासवली. तेव्हा कुमुद पाळण्यात होती. हा समोरचा पाळणा. त्याच कामाच्या पैशांतनं आणलेला.”

रसाळ वळले. पाळण्याकडं बघितलं. आत ओवी पायाचा अंगठा धरून पडली होती, जागी, गप्प.

ते परत आत आले, आणि चप्पल घालूनच खुर्चीत बसले. शिस्तीचा माणूस, पण भान नव्हतं.

“माझ्याही गळ्यात होती,” ते म्हणाले. “भोकाची शिवराई. काळ्या दोऱ्यात. माझ्या पाठीवरची दोन भावंडं गेलेली; मला दृष्ट लागू नये म्हणून आईनं बांधलेली. शाळेत पोरं हसायची, गंडेवाला म्हणायची. तिसरीत असताना एक दिवस तोडली, आणि विहिरीत टाकली. आई रागावली नाही. नुसती विहिरीत बघत उभी राहिली. आणि मग बघा, आयुष्यभर शिवराया गोळा केल्या. शेकड्यांनी! पण भोकाची एकही नाही घेतली. दुकानदार दाखवायचे, मी म्हणायचो, ती नको. डागी आहे.”

 

मग रसाळांनीच खिशातून कापूस काढला, उलगडला. “तुमचा तुकडा परत काढता येईल?”

आप्पांनी लेकीकडं बघितलं. बघा मंडळी, चौऱ्याहत्तर वर्षांचा उस्ताद, पण टेबल तिचं होतं. कुमुदनं नाणं भिंगाखाली घेतलं. मग म्हणाली, “आच द्यायची नाही. तेजाब नाही. हातानं. आणि मी सांगेन तिथं थांबायचं.”

आप्पांनी आपलं बारीक गिरमिट काढलं, हातानं फिरवायचं. कुमुदनं नाणं कडेनं धरलं, दोन्ही हातांनी, आणि म्हातारा वळसा-वळसा करत फिरवत गेला. एक वळसा, आणि फुंकर. एक वळसा, आणि भिंग. “थांबा आप्पा.” थांबायचे. “हं, आता.” दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. चौतीस वर्षांपूर्वी जे एकट्यानं गुपचूप बुजवलं होतं, ते आता तिघांच्या देखत उघडत होतं.

टक! कागदावर दाणा पडला. ती नटवी वेलांटी त्याच्याबरोबरच गेली.

आणि ‘श्री’च्या डोक्यावर भोक उघडलं. वरच्या बाजूला खाच. गुळगुळीत. जशीच्या तशी.

रसाळांनी नाणं खिडकीच्या उजेडात धरलं. दुपारचं ऊन त्या भोकातून आरपार गेलं, आणि एवढासा उजेडाचा ठिपका पाळण्यात, ओवीच्या दुपट्यावर जाऊन पडला. पोरीनं तो बघितला. मूठ आवळली — उजेड मुठीवर! मूठ उघडली — उजेड तळहातावर! पोर अशी खिदळली, अशी खिदळली, की पोस्टमास्तर हात हलवत राहिले, हलवत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला त्यांचा दुसरा हातच वर जाईना.

नाणं पुढं ग्रेडिंगला गेलं, बरं का! गेलं आणि परत आलं. आकडा नाही. डबीवर शेरा — ‘भोक पाडलेलं.’ खरं तेच लिहिलं त्यांनी. साताऱ्याच्या प्रदर्शनात रसाळांनी ते मधल्याच काचेत ठेवलं. लोक विचारायचे, अहो मास्तर, एवढी अव्वल नाणी बाजूला, आणि हे का मध्ये? ते म्हणायचे, “बाकीची नुसती राहिली. हे कुणीतरी लेकराला घातलं होतं.” आणि शेजारी कुमुदचं तीन रकान्यांचं कार्ड, आप्पांच्या नावासकट. तेव्हापासून ती प्रत्येक कार्डावर तिसरा रकाना आखते. आणि आप्पा? उरलेल्या दहा नाण्यांपैकी एखादं पुन्हा पुढ्यात येईल म्हणून वाट बघत कोपऱ्यात बसलेले असतात. वाटी-काडी जवळ ठेवून!

आता मंडळी, आरतीला उठायच्या आधी थोडं तुमच्याकडं वळू का?

प्रश्न होता, काय काढायचं. आपण काय करतो? झिजलेली खाच दिसली की ती बुजवतो, वर छान वेलांटी काढतो, आणि चारचौघांत सांगतो — निर्दोष आहे! घरात दोन भावांचं बोलणं बंद आहे, ते बुजवलं. पोरीला मारलेली थप्पड, बुजवली. आईनं हातानं शिवलेलं लुगड्याचं पांघरूण पाहुणे आले की आत टाकलं. आणि ह्या सगळ्यावर रंग द्यायला आपले हात किती तयार आहेत! त्या हातांची भीती वाटते का कधी?

भुकटीसारखा जो खातो — हेवा, डूख, खोटं — त्याला काट्यानं उचला. दिवस लागले तर लागू देत. पण दोऱ्यानं पडलेली खाच असेल, तिला हात लावू नका. कुणीतरी कधीतरी तुम्हांला काळजीनं बांधलं होतं, त्याची ती खूण आहे. तो वरचा पारखी बसलाय ना, त्याच्यापुढं आपण सगळे एकदा जाणार. तो उजेडात धरून बघणारच. बुजवलेल्यातून त्याला काय दिसेल? उघड्यातून निदान ऊन तरी पलीकडं जाईल!

घरी गेल्यावर आज चिंच भिजत घाला, खुशाल घाला. पण घासायच्या आधी एकदा वस्तू उजेडात धरा. माझं मागणं साधं आहे, ते तुमच्या तोंडी देते आणि थांबते. पेटी धरा काका, सगळ्यांनी म्हणा —

मळ तो काढावा, खूण ती राखावी ।
पारख असावी, एवढे दे ॥